कोणतं घर कधी युद्धात उतरलं

मृणालिनीबाई खटावकरांनी साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि बत्तीसही वर्षं पहिल्या महायुद्धाचा तोच तक्ता फळ्यावर काढला. पहिला रकाना देशाचा, दुसरा तारखेचा, तिसरा कारणाचा. मुली पहिले दोन पाठ करायच्या, कारण मार्क त्यांनाच असायचे. बाई मात्र तिसऱ्या रकान्यावर खडू आपटून म्हणायच्या, "पोरींनो, पुस्तकात छापलेलं कारण म्हणजे त्या देशाने जगाला सांगितलेलं कारण. लग्नाला न आलेला पाहुणा 'तब्येत बरी नव्हती' म्हणतो ना, तसलं. खरं कारण आपलं आपण शोधायचं."

हे शहाणपण साताऱ्यात कुणाच्या कामी आलं नाही. आलं ते बाईंना एकोणसत्तर पूर्ण झाल्यावर, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये, आणि तेही पिकलबॉलपायी.

मुलगा देवदत्त आणि सून कादंबरी यांच्याकडे बाई दर वर्षी एप्रिलमध्ये यायच्या आणि ऑक्टोबरमध्ये परत जायच्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि अ‍ॅशबर्नमध्ये गाडी न येणारं माणूस म्हणजे सोफ्यासारखं; कुणी उचललं तर हलायचं. आपल्या पायांनी, कुणाला 'जरा सोडतोस का रे' न विचारता जाता येईल अशी एकच जागा त्यांना होती. कॉलनीच्या टोकाला, क्लबहाउसच्या मागे, भाजीचे अकरा वाफे. त्यातला चार नंबरचा, नळाजवळचा, त्यांचा. अंबाडी, गवार आणि कारल्याचा मांडव. शेजारच्या वाफ्यात मिसेस ट्रान नावाच्या व्हिएतनामी आजी. दोघींना कळेल असा एकही शब्द नव्हता, तरी रोज तासभर गप्पा व्हायच्या आणि त्यात कुणाची तरी निंदा होते आहे हे दुरूनही समजायचं.

मेच्या मध्यावर नोटीस आली. घरमालकांची जी संघटना असते, जिला इथे सगळे एचओए म्हणतात, तिच्या बोर्डाने ठरवलं होतं की वाफे काढायचे आणि तिथे पिकलबॉलची, म्हणजे छोट्या टेनिससारख्या खेळाची, चार कोर्टं बांधायची. खाली बारीक अक्षरात एक अट होती. कॉलनीत घरं शहाण्णव. वीस जूनच्या सभेपर्यंत त्यातल्या एकोणपन्नास घरांनी सही करून 'नको' कळवलं, तर बेत रद्द.

"म्हणजे जो गप्प बसला तो कोर्टाच्या बाजूचा," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "हुशार आहे हो तुमचा अध्यक्ष."

अध्यक्ष म्हणजे यतीन सबनीस. मूळचा पुण्याचा, वीस वर्षं इथे, पासपोर्ट अमेरिकी, बॅट स्वतःची, गुडघ्याला पट्टा. सलग चौथ्यांदा अध्यक्ष, कारण सभेला दुसरं कुणी जातच नसे.

"आई, माझी सही मागू नकोस हं," देवदत्तने आधीच सांगून टाकलं. "यतीनदादाने रेफर केलं म्हणून मला हा जॉब लागला. मी न्यूट्रल आहे."

"किती तारखेपर्यंत?"

"म्हणजे?"

"न्यूट्रल माणसाला तारीख असते रे. मागेपुढे होते, पण असते."

कादंबरी फ्रिजमध्ये डोकं घालून हसली. कागदोपत्री घर देवदत्तच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणून मतही त्याचंच. नाहीतर तिने पहिल्याच दिवशी सही ठोकली असती.

"वाफा गेला तर पुढच्या वर्षी मी यायची नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "राग नाही कुणावर. पण सहा महिने खिडकीतून पार्सलवाल्या गाड्या मोजायच्या, तर ते मी साताऱ्यात बसून एसटीच्या मोजीन." देवदत्तने 'काहीतरीच काय आई' म्हटलं खरं, पण आई बोलते ते करते हे त्याला दहावीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक वही घेतली, पान आडवं केलं आणि तीन रकाने आखले. घर. तारीख. कारण.

वाफेवाली दहा घरं पहिल्या दोन दिवसांत आली. त्यात नवल नव्हतं. ही मंडळी बेल्जियम. त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, ती फक्त सैन्याच्या वाटेत होती. मिसेस ट्रानच्या मुलाने तर फॉर्म हातात पडायच्या आत सही केली. अकरावं वाफेवालं घर म्हणजे देवदत्तचं. ते न्यूट्रल.

मग बाई रोज संध्याकाळी पांढरे बूट घालून दारोदार फिरू लागल्या. कॉलनीत एकसष्ट घरं आपल्या लोकांची. बाईंना वाटलं, चहा पीत पीत काम होईल. चहा भरपूर झाला. सही मात्र नाही.

"हो काकू, नक्की. जरा वाचतो आणि करतो."

"काकू, आज ऑन कॉल आहे यार... सॉरी, यार नाही. वीकेंडला बघतो."

"फॉर्म ठेवून जा ना काकू, हे आले की करू."

सतरा दिवसांनंतर वहीत चौदा घरं होती. वाफेवाली दहा आणि इतर चार. बाकी पानभर 'बघतो' लिहिलेलं. एका माणसाने 'बघतो' म्हटलं तर तो आळशी, असा बाईंचा हिशेब. सदतीस घरांनी एकसारखं 'बघतो' म्हटलं तर तो आळस नाही, करार आहे. त्या वही घेऊन बसल्या आणि प्रत्येक घरापुढे जे जे ठाऊक होतं ते लिहीत गेल्या. गाव, नोकरी, मुलं, कधी आले. आणि मग पेन थांबलं. तोंडावर 'नाही' म्हणणारे सगळे सिटिझन. 'बघतो' म्हणणारे सगळे व्हिसावर.

त्या उठल्या आणि सरळ रेणूच्या घरी गेल्या. रेणू नागपूरची, तिशीची, बोलायला मोकळी.

"रेणू, चहा नको. खरं सांग. सही का करत नाहीस?"

रेणूने आधी दार लावलं. मग आवाज खाली आणला, जणू कॉलनीमागच्या डेटा सेंटरच्या रात्रंदिवस चालणाऱ्या घरघरीआडून कुणी ऐकत होतं. "काकू, आम्ही व्होट कसं करणार? आम्ही काय सिटिझन आहोत का? आमच्या वकिलाने पहिल्या दिवशी सांगितलं, इथे कुठेही व्होट करायचं नाही, डिपोर्ट करतात. आमची ग्रीन कार्डाची लाइन अकरा वर्षांपासून चालू आहे. गवारीसाठी मी ती फाइल अडकवू?"

"अगं, ते सरकारच्या निवडणुकीचं. हे घर कुणाचं आहे?"

"आमचं."

"हप्ते कोण भरतं?"

"आम्हीच."

"गवत दोन बोटं वाढलं की दंडाची चिठ्ठी कुणाला येते?"

"आम्हालाच येते ना, येत नाही कशी!"

"मग दंडाला तुम्ही मालक आणि मताला पाहुणे?"

रेणू म्हणाली, "पण यतीनदादा कधी बोलले नाहीत तसं."

"तू विचारलंस?"

"नाही."

"मग तो कशाला आपल्या तोंडाने सांगेल? तो अध्यक्ष आहे, हरिश्चंद्र नाही."

त्यावर बाईंनी आपला तक्ता काढला नाही असं कसं होईल. "हे बघ. चार ऑगस्ट एकोणीसशे चौदाला इंग्लंडने युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी हिंदुस्थानही युद्धात. आपल्याला कुणी विचारलं नाही. दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली आमच्याकडची. साताऱ्याच्या गावागावांतून गेली. शाळेत दर वर्षी एक तरी मुलगी विचारायची, बाई, कारणाच्या रकान्यात भारतापुढे काय लिहायचं? मी सांगायचे, तिथे रेघ मार. ज्याला विचारलंच नाही त्याला कारण नसतं. आणि आता शंभर वर्षांनी तुम्हाला घरी कागद पाठवून विचारतायत, बाबांनो हो की नको, तर तुम्हीच म्हणताय, आम्हाला विचारू नका!"

रेणूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तिथल्या तिथे वकिलाला ईमेल केली. नियमावलीचं पान जोडलं, ज्यात 'सभासद म्हणजे घराचा मालक' एवढंच लिहिलं होतं. पासपोर्टाचा उल्लेख कुठे नव्हता. वकिलाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, दोन वाक्यांचं. घर तुमचं आहे. मत द्या.

रेणूने त्याचा फोटो कॉलनीच्या देसी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मी सही केली. अजून इथेच आहे."

तीन दिवसांत एकवीस घरं आली. 'बघतो'वाले स्वतःहून दारात उभे राहू लागले. एकाने वहीत सही केल्यावर विचारलं, "काकू, अजून कुठे करायची आहे?" इतकी वर्षं साठलेलं मत होतं बिचाऱ्याचं. वहीत पस्तीस झाली, आणि बाईंनी त्या एकवीस घरांपुढे कारणाच्या रकान्यात जरा ठसठशीत अक्षरात लिहिलं: विचारलं म्हणून.

यतीनने ग्रुपवर अंगठा टाकला. सुज्ञ माणूस, हरतानाही लाइक करतो.

पण पस्तीस म्हणजे एकोणपन्नास नव्हेत. आता उरले होते मुत्सद्दी.

प्रीता यतीनच्या पिकलबॉलच्या चौकडीतली. रविवारी सकाळी त्याच्या बाजूने खेळायची, आणि तिच्या शब्दावर तिच्या गल्लीतली चार घरं चालायची. ती एकटीच बाईंकडे आली, गॅरेजच्या दाराने.

"काकू, मी यतीनला शब्द दिलाय, यू नो. पण मला गार्डनिंगही आवडतं."

"बरोबर आहे. इटलीचंही तसंच होतं."

"काय?"

"काही नाही. बोल."

"वाफ्यांच्या वेटिंग लिस्टवर माझा नंबर पहिला आहे. पण पुढच्या वर्षी रिकामा होतोय तो शेवटचा, कुंपणापाशी. तिथे पाणी पोचत नाही. मला नळाजवळचा हवा."

नळाजवळचा म्हणजे चार नंबर. बाईंनी गेल्या दोन वर्षांत त्या मातीतून वेचून काढलेल्या दगडांची रास मांडवापाशी उभी होती. इटलीने तेहतीस वर्षं जर्मनीशी दोस्ती सांगितली आणि लंडनला गुपचूप करार करून महिन्याभरात पलीकडच्या बाजूने उतरली. तिला काय हवं ते ज्यांनी लिहून दिलं त्यांच्या बाजूने. बाईंनी ते बत्तीस वर्षं नाक मुरडून शिकवलं होतं. करार लिहून देणाऱ्याला काय सोडावं लागतं ते आज पहिल्यांदा कळलं.

"माझा घे," त्या म्हणाल्या. "मी कुंपणापाशी जाईन. यंदाची कारली मात्र माझी."

"काकू, आर यू शुअर?"

"पाच सह्या. आजच."

पाच आल्या. चाळीस.

अमेयला बोलवावंच लागलं नाही. अमेय रोज संध्याकाळी कुत्रा फिरवताना विचारायचा, "किती झाले, काकू?" चौदा म्हटलं की "अरे वा" म्हणून पुढे जायचा. पस्तीस म्हटल्यावर थांबला. चाळीस ऐकल्यावर त्याने कुत्र्याची दोरी डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला. "द्या पेन. मी तर पहिल्यापासून तुमच्याच बाजूने आहे. आणि माझे दोन्ही नेबर्स पण करतील."

"रोमानिया," बाई पुटपुटल्या; तोही दोन वर्षं कोण जिंकतंय ते बघून मग उतरला होता.

"नाही काकू, मी जळगावचा."

त्रेचाळीस. पुढच्या आठवड्यात फुटकळ पाच. अठ्ठेचाळीस. आणि तिथे काटा जो अडकला तो हलेना. उरलेल्या घरांत यतीनचे खास, तोंडावर नाही म्हणालेले, सुट्टीवर गेलेले आणि कुंपणावर बसून पाय हलवणारे. सभा चार दिवसांवर. जेवताना कादंबरी भात वाढत म्हणाली, "अठ्ठेचाळीस झाले, आई. एकच कमी." आणि कुणाकडेही न बघता तिने वरणाची वाटी देवदत्तपुढे जरा जोरात ठेवली.

"मी न्यूट्रल आहे," देवदत्त वरणाला म्हणाला.

बाईंकडे आठ दिवसांपासून एक गोष्ट होती. क्लबहाउसच्या बोर्डावर कोर्टांचा नकाशा लावला होता, चार पानी. लोक पहिलं पान बघून निघून जात, कारण त्यावर रंगीत कोर्टं होती. बाईंनी चौथंही वाचलं होतं. परीक्षेच्या पेपरातही त्या शेवटच्या पानापासून तपासायच्या. मुली तिथेच घाईत खरं लिहितात. चौथ्या पानावर खेळायला येणाऱ्यांच्या गाड्यांची सोय दाखवली होती. तिरप्या रेघा मारलेल्या आठ जागा, बरोब्बर देवदत्तच्या रांगेसमोरच्या.

त्यातल्या एका जागेवर देवदत्त दर शनिवारी आपली नवी इलेक्ट्रिक गाडी धुवायचा, पुसायचा आणि मग दहा पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघत उभा राहायचा.

आजच सांगितलं तर तो यतीनला फोन करील, यतीन आठाच्या सहा जागा करील, आणि दोघं बिअर पितील. अमेरिकेतली तीन राज्यं मेक्सिकोला देऊ करणारी जर्मनीची तार इंग्रजांच्या हाती लागली, तेव्हा त्यांनी ती पाच आठवडे खिशात ठेवली. बाईंना चारच दिवस ठेवायची होती.

वीस जूनला संध्याकाळी क्लबहाउसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. दर वेळी सात माणसं यायची. आज सत्तरच्या वर होती, मागे भिंतीला टेकून, मुलांना कडेवर घेऊन. मॅनेजमेंट कंपनीची बाई सह्यांचे फॉर्म मोजायला बसली होती. यतीनने इंग्रजीत स्वागत केलं, गर्दी बघून घोट घेतला, आणि स्क्रीनवर कोर्टांचं चित्र दाखवलं. आरोग्य, फिटनेस, घरांच्या किमती. बोलायला चांगला होता.

"एनी क्वेश्चन्स?"

बाईंनी हात वर केला. मराठीतच म्हणाल्या, "यतीन, चौथं पान पण दाखव रे बाबा. लोक एवढे आलेत."

"काकू, ते नुसतं पार्किंग आहे."

"असू दे. दाखव."

यतीनने बटण दाबलं, पान आलं आणि दोन सेकंदांत गेलं. पण देवदत्तला पुरली ती दोन सेकंदं. बापाचा चेहरा त्याला नीट आठवत नसेल, पण आपलं पार्किंग तो झोपेतही ओळखतो.

"वेट. यतीनदादा, मागची स्लाइड."

"अरे, ते टेंटेटिव्ह..."

"मागची स्लाइड." तो उभा राहिला. "हे आमच्या रांगेसमोरचं आहे. ही जागा आमची आहे!"

"कॉमन एरिया आहे, देवदत्त. टेक्निकली."

"टेक्निकली? चार महिने तू माझ्यासोबत कारपूल करतोयस, रोज त्याच जागेवरून गाडीत बसतोस, आणि एकदाही बोलला नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस!"

मागून रेणू मोठ्याने म्हणाली, "बस्स! हेच! हेच ऐकायचं होतं!" आणि अख्ख्या मागच्या भिंतीला हसू फुटलं.

देवदत्त खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला. मॅनेजमेंटच्या बाईसमोरचा कोरा फॉर्म ओढला, आणि पेन सापडेना म्हणून तिच्याच हातातलं काढून घेतलं. सही अशी केली की टेबल हललं. ती फॉर्म बघून, चष्मा सारखा करून म्हणाली, "फॉर्टी-नाइन."

कादंबरीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आठ वर्षं सून असून बाईंना तिचा हा गुण ठाऊक नव्हता.

आणि मग जे झालं ते पाहून बाई खुर्चीत हसता हसता वाकल्या. कुंपणावरची मंडळी धपाधप उतरू लागली. "माझंही घ्या." "मी आधीच करणार होतो." "फॉर्म संपले का? मागच्या बाजूला लिहू?" अमेरिका उतरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी क्यूबा आणि पनामानेही युद्ध पुकारलं होतं, जणू त्यांच्यावाचून अडलं होतं. आठ क्यूबा एकामागून एक रांगेत उभे राहिले. सत्तावन्नवर मोजणी थांबली. मॅनेजमेंटच्या बाईने जाहीर केलं, बेत रद्द, वाफे राहतील. मिसेस ट्रान उठल्या, बाईंचा उजवा हात मनगटाला धरून कुस्तीतल्या पंचासारखा वर उचलला आणि व्हिएतनामीत काहीतरी ओरडल्या. कुणाला भाषांतर लागलं नाही.

बाहेर अजून लख्ख उजेड होता. लोक घरी जायला तयार नव्हते. गवतावर घोळके करून उभे होते. एकमेकांचे घरनंबर विचारत होते, सात-सात वर्षं शेजारी राहून. देवदत्त आईजवळ आला. "चल आई. जिंकलीस."

"जा तुम्ही पुढे. जिंकलेल्याला जरा जास्त काम असतं. एकोणीसशे एकोणीसमध्ये ते कुणी केलं नाही, म्हणून वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध झालं, आणि मला अजून एक धडा शिकवावा लागला."

त्या आत गेल्या. यतीन एकटाच प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता. पट्टा बांधलेला पाय त्याने खुर्चीवर ठेवला होता.

"यतीन, ती दोन टेनिस कोर्टं आहेत ना, त्यातल्या डावीकडच्यावर गेल्या दोन महिन्यांत मी फक्त अमेयचा कुत्रा पळताना पाहिलाय. तिथे रेघा मारून घे तुझ्या. चार बसतात, मी पावलांनी मोजलंय."

यतीनने मान वर केली. "लोक विरोध करतील, काकू. आता सवय लागलीय त्यांना."

"कोण करतंय बघते. मी फिरेन ना घरोघर तुझ्यासाठी."

तो हसायला लागला. नाइलाजाने, पण मनापासून. "पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला उभ्या राहताय का?"

"माझं इथे घर नाही, मत नाही. ऑक्टोबरपर्यंतची पाहुणी मी."

"मत नसताना सत्तावन्न घेतलीत."

"हो," बाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आणि एप्रिलमध्ये परत येतेय. तेव्हा रेघा लवकर मार."